दहावा छर्रा

शनिवारी दिवस कलला की सायकल उलटी करतो आंगणात,
सीटखाली पोत्याचा तुकडा.
सायकल सुकेशिनीची. मूळची माझ्या मामाची, बावीस इंची.
हिंगणघाटच्या वेल्डरनं दांडी कापून खाली वाकती लावून दिली,
तिला साडी आवरून बसता यावं म्हणून.
तो जोड अजून बोटाला खरबरीत लागतो.

ती आशा. तीन गावं आणि एक तांडा तिच्याकडे.
कुठं गेली होती, कोणाचे दिवस भरले,
कोणाची थुंकी तपासायला नेली,
घरी सांगत नाही.
"ते माझ्यापाशी राहू दे," म्हणते.
मी विचारत नाही.
पण चिखलानं काही शपथ घेतलेली नसते.

मडगार्डच्या पोटात रेगड, वाळून खपली झालेली,
म्हणजे तांड्याच्या पांदणीनं गेली.
चेनीत पांढुरकी धूळ, म्हणजे गिट्टीच्या खदानीकडे,
तिकडं छत्तीसगडची माणसं ताडपत्रीत राहतात.
मागच्या चाकाच्या आसाला कापूस गुंडाळलेला;
तो तर सगळीकडेच असतो, त्याचा काही पुरावा नाही.
एकदा स्पोकमध्ये झेंडूची पाकळी अडकली होती.
बारसं असावं.
किंवा दुसरं काही.
मी ती खिडकीत ठेवली. सकाळी नव्हती.

राशनचं मातीचं तेल बंद झालं तेव्हापासून
लोमेशच्या ट्रॅक्टरमधलं वाटीभर डिझेल आणतो.
निंबाची काडी ठेचून कडीकडीत फिरवतो,
दात घासावे तशी.
रिमला राख. मग पोट्टीच्या जुन्या फ्राकची चिंधी.
ब्रेकचं रबर झिजलं की उलटं करून लावतो,
तेही झिजलं की टायरचा तुकडा.

त्या शनिवारी पुढचं चाक खोललं.
ग्रीस काळं, काकवीसारखं.
छर्रे पितळी कोपरात काढले,
या अंगाचे दहा, त्या अंगाचे दहा.
पुसले. मोजले. एकोणीस.
परत मोजले.
पोट्टी म्हणाली, "बाबा, कोंबडीनं खाल्ला असन."
कोंबडी आमच्याकडं एका डोळ्यानं बघत राहिली.
देवकाबाई आल्या टॉर्च घेऊन.
लोमेशनं फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधलं
आणि आंगणाला वखर मारल्यासारखं फिरवलं.
दोन खिळे, एक साडीची पिन,
दोन सालांमागं हरवलेली पेटीची किल्ली.
छर्रा नाही.

तेवढ्यात फोन वाजला.
सुकेशिनी तीनदा "हो" म्हणाली
आणि पिशवी खांद्याला अडकवली.
"चाक बसव."
"एका अंगाला नऊच आहेत."
"नऊवर चालते का नाही, तेवढं सांग."
"चालते. पण..."
"माझ्या कामात नऊ पुरे होतात," म्हणाली,
आणि मग ओठ मिटले,
जास्त बोलून गेल्यासारखे.

बोटानं ग्रीस भरलं. नऊ छर्रे चिकटवले,
एका दातापुरती फट राहिली.
कोन आवळला, पाव फेरा सैल सोडला.
चाक फिरवून पाहिलं. फिरलं.
फक्त फेऱ्यागणिक एक बारीक टिक.
ती गेली. टिक, टिक, पांदणीनं,
वणेच्या पुलापर्यंत ऐकू आली,
मग कुत्रे भुंकले.

सकाळी परतली.
चाकांना ओली रेगड.
कॅरियरला बांधलेली गुळाची पुडी.
मी एक खडा तोंडात टाकला, काही बोललो नाही.
तीही नाही.

छर्रा आठ दिवसांनी सापडला.
कोपराच्या दुमडलेल्या काठात अडकून बसला होता,
सगळं आंगण आम्ही उगाच उकरलं.
काडीपेटीत ठेवलाय.
येत्या शनिवारी बसवीन, असं तिला तीन शनिवार सांगतोय.
काय आहे, अंधार पडल्यावर
पुलाच्या अलीकडून ती टिक ऐकू येते,
आणि मला चहाचं आधण ठेवायला
पुरतो तेवढा वेळ.